आईच्या हाताची वीज

माझ्या बाबांना कुठलीही गोष्ट फुकट गेलेली पाहवत नाही. नळ ठिबकत असेल तर ते भरल्या ताटावरून उठतात. भरवेलीच्या मँगनीज खाणीत त्यांनी उभी नोकरी इलेक्ट्रिशियन म्हणून काढली, पण तिथे त्यांचं नाव झालं ते कम्प्रेसरच्या तापलेल्या अंगावर जेवणाचा डबा गरम करणारा माणूस म्हणून. "मशीन तं तापतेच न, मंग भाजी कायले थंडी खावाची?" असं त्यांचं म्हणणं. पुढे पाळीतले सगळेच तिथे डबे मांडायला लागले आणि कोणाचा डबा कुठल्या कडेला ठेवायचा हे बाबा ठरवायला लागले. आई म्हणायची, "हा माणूस खाणीत कामाले जाते का डबे तापवाले, एकदा साहेबाले विचारून याव लागते."

निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही बालाघाटात भरवेलीच्या रस्त्याला लागून घर बांधलं. आम्ही म्हणजे आई, बाबा आणि मी. मी एका सरकारी शाळेत विज्ञान शिकवते, हिंदीत. लग्न केलं नाही. त्याची कारणं इथे सांगण्यासारखी नाहीत, आणि विचारणाऱ्यांना मी एरवीही सांगत नाही. घराच्या पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला. मागची खोली टिनाचीच राहिली, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणता म्हणता.

त्या टिनानेच बाबांच्या डोक्यात किडा सोडला. मे महिन्यात दुपारी त्यावर पाण्याचा शिंतोडा उडवला तर चर्र आवाज यायचा. बाबा खाली उभे राहून वर बघायचे आणि हळहळायचे. "इतकी गरमी पडून राह्यली, आन आपण तिच्यापासून पळून राह्यलो. सारी फुकट." मग मोबाईलवर त्यांना कुठलासा व्हिडिओ सापडला, की आजूबाजूच्या उष्णतेतूनही वीज काढता येते. दुसऱ्याच दिवशी ते कबाड्याकडे गेले आणि पाणी थंड करायच्या मोडक्या मशीनमधून एक पांढरी चौकोनी चकती काढून घेऊन आले. खाऱ्या बिस्किटाएवढी, दोन तारा लोंबणारी. तिचं खरं नाव मी त्यांना सांगितलं होतं, पण आमच्या घरात ती 'बिस्कुट'च राहिली. भर दुपारी शिडी लावून त्यांनी बिस्कुट टिनावर ठेवलं, मीटर लावला, आणि काटा जरा थरथरून परत शून्यावर येऊन बसला.

मला हाक आली. मी वर चढले नाही, खालूनच वर्गात बोलते तसं बोलले. "बाबा, वीज गरमीतून निघत नाही, फरकातून निघते. एक बाजू गरम आणि दुसरी थंड असेल तरच. दोन्ही बाजू सारख्या तापल्या की कितीही ऊन पडू द्या, काही मिळायचं नाही."

"म्हणजे आपल्या बालाघाटच्या उन्हात काई दम नाई म्हणते तू," बाबा शिडीवरून म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. आई दारात तांदूळ निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "फरक पाह्यजे तं ते बिस्कुट आमच्या दोघाइच्या मधात ठेवा. हे सदा तापलेले, मी सदा थंडी." मी खूप हसले. बाबा पण हसले, पण थोडं उशिरा. मग त्यांनी बिस्किटाच्या एका बाजूला ओलं फडकं लावलं आणि मीटरचा काटा चांगला हलला. त्या दिवसापासून ते जो येईल त्याला ऐकवायचे की वीज गरमीतून नाही, फरकातून निघते, जणू काही त्यांनीच शोध लावला होता.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा जाणं काय असतं ते आधी मला माहीत नव्हतं. माझी आई दिवसभर बोलणारी बाई होती, भांडी घासतानाही भांड्यांशी बोलायची. आता ती फक्त बघायची. डावा हात थोडा हलायचा. तो उचलून ती कशावर तरी ठेवू शकायची, पण बोटांत दाब उरला नव्हता.

मागच्या खोलीतून मोरी जवळ, म्हणून तिची खाट तिथे टाकली. बाबा आणि मी आळीपाळीने जवळ बसायचो. पण मला शाळा, स्वयंपाक, कपडे. आणि बाबांचे गुडघे. माणूस सारखं एका खाटेजवळ बसू शकत नाही, कितीही जीव असला तरी. तिला हवं तेव्हा आम्हाला बोलावता यायला हवं होतं. ताट-चमचा देऊन पाहिला, चमचा हातातून निसटायचा. दुकानातून घंटीचं बटण आणलं, ते तिच्याने दाबलं जाईना. दोन दिवस तिने प्रयत्न केला, मग बटणाकडे पाहणंच सोडून दिलं. तो तिचा राग होता, मला ओळखता येत होता.

आणि मग एका सकाळी बाबांनी बिस्कुट पुन्हा बाहेर काढलं. जुन्या कॉम्प्युटरमधला ॲल्युमिनियमचा कंगोऱ्यांचा तुकडा त्याच्या खालून चिकटवला, म्हणजे खालची बाजू हवेने थंड राहील. थोडीशी वीज वाढवून देणारं एक छोटं सर्किट मोबाईलवरून मागवलं. हे सगळं एका लाकडी पाटावर ठोकून आईच्या डाव्या हाताशी बांधलं, तिथून तार ओढत पुढच्या पडवीत आणली आणि आपल्या खुर्चीसमोर भिंतीवर एक हिरवा दिवा लावला. आईने नुसता तळहात ठेवायचा. दाबायचं नाही, पकडायचं नाही. तिच्या हाताची ऊब एका बाजूला, थंड हवा दुसऱ्या बाजूला. "सेल नाई, लाईन नाई," बाबा म्हणाले. "तुह्या मायच्या हाताची वीज."

डिसेंबर होता, अंगावर काटा येण्याइतकी थंडी. मी आईचा हात उचलून त्यावर ठेवला. पडवीतून बाबा ओरडले नाहीत, ते चालत आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "लागला." आईच्या तोंडाची डावी बाजू हसली. त्या पहिल्या आठवड्यात तिने आम्हाला काही कारण नसताना शंभरदा तरी बोलावलं असेल. बाबा दर वेळी उठून जायचे आणि विचारायचे, "बोला बाईसाहेब, का हुकूम हाय?" ती नुसती बघायची. ते परत येऊन बसायचे, की दिवा लागायचा, की पुन्हा उठायचे. त्यांच्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही. नवरा-बायकोचं इतकं बोलणं मी माझ्या आयुष्यात त्यांच्यात पाहिलं नव्हतं. एकदा संध्याकाळी सगळ्या मोहल्ल्याची लाईन गेली, आणि अंधाऱ्या पडवीत तो हिरवा दिवा तेवढा लागला. शेजारची माणसं बघायला आली. बाबांनी सगळ्यांना आत नेऊन आईचा हात दाखवला, जसं काही ते तिचंच कर्तृत्व होतं. खरं म्हणजे होतंच.

आमच्याकडे आजारी माणसाची चौकशी करायची एक ठरलेली रीत आहे. तब्येत कशी आहे असं कोणी विचारत नाही. विचारतात, काही फरक आहे का? आणि घरचे सांगतात, हौ, थोडा फरक आहे, किंवा नाही, काही फरक नाही. हिंदीवालेही तेच विचारतात, मराठीवालेही तेच. मार्च लागला तसं आईचं बोलावणं कमी झालं. दिवसातून वीस वेळा लागणारा दिवा दहा वेळा लागायला लागला, मग चार-पाच वेळा, तोही मंद. एप्रिलमध्ये तर दुपारची दुपार ती शांत असायची. आम्हाला बरं वाटलं. आता घाबरत नाही, झोप लागते, जीव स्थिरावला, असं आम्ही एकमेकांना म्हणालो. विहारातल्या बायका भेटायला आल्या आणि त्यांनी विचारलं, तेव्हा मी स्वतः सांगितलं, "हौ, आता फरक आहे."

मी विज्ञान शिकवते. तरी ते 'फरक आहे' मी बोलले.

मेच्या सुरुवातीला मागच्या खोलीच्या खिडकीला कूलर लावला. खोली गार झाली आणि आईचं बोलावणं पुन्हा सुरू झालं, दिवाही चांगला लागायला लागला. बाबा चिडवायचे, "कूलरची हवा लागली का बाईसाहेबाइले गप्पा सुचते." मी पोळ्या लाटता लाटता हसले. एवढी उघडी खूण समोर होती, एखाद्या मुलाने वर्गात ती ओळखली नसती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मी हसले आणि पुढची पोळी लाटली.

मग त्याच महिन्यात एका दुपारी जेवणानंतर लाईन गेली. बारा-साडेबारा झाले असतील. मी आईला पाणी पाजलं, ओल्या फडक्याने अंग पुसलं, तिचे डोळे मिटत आले होते. मागच्या खोलीत बसवत नव्हतं. बाबा दारातून म्हणाले, "झोपू दे तिले. लागलं तं दिवा लावंन." मी पुढच्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडून आडवी झाले. बाबा पडवीत खुर्चीवर बसले, दिव्याकडे तोंड करून. लाईन आता येईल मग येईल करता करता दुपार गेली. मला झोप लागली. मधे एकदा जाग आली तेव्हा मी विचारलं, "बाबा, काही?" ते म्हणाले, "नाई, शांत हाय." मी कूस बदलली.

साडेचारच्या सुमारास लाईन आली, कूलर सुरू झाल्याचा आवाज झाला आणि मी चहा ठेवायच्या आधी सहज आत गेले. आईचं अंग भाजत होतं. ओठ सुकून फुटले होते. डोळे अर्धे उघडे होते, पण ती बघत नव्हती. तिचा डावा हात पाटावर होता, बिस्किटावर, पालथा. मी तो उचलला तेव्हा तळहातावर चौकोन उमटलेला होता, चांगला खोल. इतका खोल चौकोन थोड्या वेळात उमटत नाही.

ऑटोत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले असताना मला सगळं कळलं. टिनाखालची ती खोली तापत तापत तिच्या अंगाइतकी झाली होती. वरची बाजू आणि खालची बाजू सारखी. हात ठेवून ती बोलावत राहिली आणि दिवा लागला नाही. लागणारच नव्हता. आणि मार्चमध्ये, एप्रिलमध्ये ती शांत झाली नव्हती, ती पूर्वीइतकंच बोलावत होती. आमच्यापर्यंत पोचत नव्हतं एवढंच. तिला काय वाटलं असेल? आम्ही कंटाळलो असं वाटलं असेल. तिला दुसरं काय वाटणार?

समोर ड्रायव्हरशेजारी बाबा बसले होते. मागे वळून त्यांनी विचारलं, "श्वास हाय न?" मी म्हणाले, आहे.

दवाखान्यात लू लागल्याचं सांगितलं. बर्फ ठेवला, सलाईन लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. विहारातली माणसं आली, वंदना झाली, आणि मग घरात माणसांची ये-जा सुरू झाली. किरनापूरहून, परसवाड्याहून, गोंदियाकडून नातेवाईक आले. प्रत्येकाला बाबा एकच गोष्ट सांगायचे, त्याच शब्दांत. "मी दिव्यासमोरच बसलो होतो. एकदा बी लागला नाई. म्हणजे तिनं बोलावलंच नाई. झोपेतच लू लागली तिले, काई समजलं नाई, तकलीफ नाई झाली." ऐकणारे मान हलवायचे. कोणी म्हणायचं, पुण्यवान बाई. मी चहाचे कप गोळा करत असायची.

वीज फरकातून निघते हे वाक्य त्यांना तोंडपाठ होतं, तरी त्यांनी दोन गोष्टी जोडल्या नाहीत. जोडायच्या नसतील किंवा जुळल्याच नसतील. मी तो पाट आईचे कपडे ठेवलेल्या पेटीत टाकून दिला आणि ठरवलं की बोलायचं नाही. त्या एका समजुतीवर त्यांचं जेवण चाललं होतं, झोप चालली होती. ती मी कशाला काढून घेऊ? चूक माझी होती. शिडीखाली उभी राहून शहाणपण शिकवणारी मी होते. मनात मी दररोज त्यांची माफी मागायची आणि वरून त्यांना औषध घेतलं का विचारायची. उन्हाळा, पावसाळा असाच गेला.

पावसाळ्यानंतर किरनापूरचा एक माणूस घरी आला. चाळिशीचा, शेती असलेला, तोंडावर थकवा. त्याच्या आईला लकवा मारला होता, तिलाही बोलता येत नव्हतं. आमच्या कोण्या नात्यातल्याकडून त्याने हिरव्या दिव्याबद्दल ऐकलं होतं. "काकाजी, तसं एक माह्या मायसाठी बनवून देता का?" एवढंच तो म्हणाला.

आई गेल्यानंतर बाबांच्या तोंडावर मी पहिल्यांदा जीव पाहिला. त्यांनी त्याला बसवून सगळं समजावलं, कागदावर चित्र काढून दिलं, पुढच्या रविवारी ये म्हणाले. दुसऱ्या दिवशी कबाड्याकडे गेले. बिस्कुट आणलं, कंगोऱ्यांचा तुकडा आणला, पडवीत बसून कानस घासत राहिले. दाढी केली. मला म्हणाले, आज जेवायला भरीत कर. चार दिवस मी ते बघत होते. चार दिवस मी स्वतःला समजावत होते की आता हिवाळा येतोय, चालेल, मार्चच्या आत काहीतरी सांगता येईल, त्यांच्याकडे कूलर असेल, घर मातीचं असेल. मग मला ती किरनापूरची म्हातारी दिसायची. मी तिला कधी पाहिलेलं नाही, पण खाटेवर हात ठेवून पडलेली दिसायची.

शनिवारी सकाळी मी शाळेला गेले नाही. बाबांच्या समोर पायरीवर बसले.

"बाबा, हे त्यांना देऊ नका."

"काहून?"

"उन्हाळ्यात चालत नाही ते."

"कोण म्हणते? आपल्या इथं तं चाललं."

"नाही चाललं. खोली अंगाइतकी तापली की दोन्ही बाजू सारख्या होतात."

कानस चालत होती, ती थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हातातल्या बिस्किटाकडे पाहिलं. ते उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. चाळीस वर्षं तारांशी काम केलेला माणूस, त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी विचारलं, "तिचा हात कुठं होता?"

खोटं बोलायला मला जागा होती. मला अजूनही वाटतं की बोलायला हवं होतं, आणि अजूनही वाटतं की बोलले नाही ते बरं केलं. "पाटावर," मी म्हणाले. "तळहातावर चौकोन उमटला होता."

"म्हणजे बोलावून राह्यली होती."

"हौ."

"किती वेळ?"

"माहीत नाही, बाबा."

"मी तं समोरच बसलो होतो, बाई. नजर नाई हटवली." हे ते दोनदा म्हणाले, मग उठले आणि मागच्या खोलीत जाऊन रिकाम्या खाटेवर बसले. मी दारापर्यंत गेले, पण आत जायचं धैर्य झालं नाही. माझ्या हातून त्यांचंही काहीतरी गेलं होतं आणि ते परत देण्यासारखं नव्हतं. मी पडवीत येऊन रडले, तोंडात पदर घालून, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. दुपारी त्यांनी जेवण केलं नाही. संध्याकाळीही नाही.

रविवारी सकाळी किरनापूरचा माणूस आला. मला वाटलं, मलाच काहीतरी सांगून त्याला परत पाठवावं लागेल. पण बाबा आधीच बाहेर येऊन खुर्चीवर बसलेले होते. त्यांनी त्याला पाणी दिलं, त्याच्या आईची विचारपूस केली. मग म्हणाले, "यंत्र नाई देत मी तुले."

त्या माणसाला काही कळेना. तो माझ्याकडे बघायला लागला.

बाबांनी माझ्याकडे हात केला. "हिच्या मायनं मले दुपारभर बोलावलं. मले दिसलं नाई, मी दिव्याकडं पाहून राह्यलो होतो." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "तू आपली खाट मायच्या खोलीत टाक. तिच्या तोंडाकडं पाहत जाय."